चौदा नंबरचं शेण

मुनीरसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले होते. निदान माझी तशी खात्री झाली होती.

बोरवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून हजर व्हायला मी अहमदपूरहून सकाळच्या एसटीनं निघालो होतो. कंधारच्या अलीकडं एका फाट्यावर उतरलो आणि गायरानातल्या पायवाटेनं चालू लागलो. अंगात इस्त्रीचा नवा शर्ट, पायात नवे बूट, खिशात नेमणुकीचं पत्र. आदल्या दिवशीच्या पावसानं गवत ओलं होतं. आणि त्या ओल्या गवतात, बाभळीच्या बुडाशी, पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा पालथा पडलेला. हालचाल नाही. चार-दोन लाल कंधारी गाई त्याच्याकडं पाठ करून अशा चरत होत्या, जणू या प्रकरणाशी आपला काही संबंध नाही.

त्या वेळी माझ्या मनात आधी दया आली असं सांगायला मला आवडलं असतं. पण आधी आला तो पंचनामा. नोकरीचा पहिलाच दिवस आणि आपण साक्षीदार! तरी धावलो. "ओ काका, ओ काका" करत त्याचा खांदा हलवला. मढ्यानं सावकाश मान वळवली. त्याच्या एका डोळ्याच्या जागी काळं नळकांडं होतं. मी ओरडलो. किती जोरात ते नंतर कळलं, कारण गाव तिथून अर्धा मैल लांब होतं आणि गावात ते ऐकू गेलं होतं.

"घाई आहे का?" मढ्यानं विचारलं.

"न्.. नाही."

"मग पाय उचला. तुम्ही चौदा नंबरवर उभे आहात."

खाली बघितलं. माझ्या नव्या बुटाखाली शेणाचा पो होता आणि शेजारी बांबूची एक काडी रोवलेली. काडीवर लाल रंगात लिहिलं होतं : १४.

"पहिले तेरा चोरीला गेले," ते उठून बसत म्हणाले. "हा एकच उरला होता. म्हणून राखण करत होतो. हरकत नाही. गाई आहेत, उद्या पुन्हा होईल."

डॉक्टर मुनीरसाहेबांशी माझी ओळख झाली ती अशी. ते माझे वरिष्ठ. नेमणुकीचं पत्र मी त्यांना तिथंच दिलं, बूट पुसलेल्या शेणाच्या हातानं. त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "कदम. बरं. आलाच आहात तर पालथे व्हा."

मी पालथा झालो. नवा शर्ट गेला. त्यांनी आपल्या डोळ्याचं नळकांडं काढून माझ्या डोळ्यात बसवलं. ते घड्याळजीचं भिंग होतं. त्यांचे वडील कंधारला किल्ल्याच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करायचे. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वडिलांकडून साहेबांना दोनच गोष्टी आल्या होत्या, एक ते भिंग आणि दुसरी ती 'घाई आहे का'. म्हैस गाभण आहे का ते बघायचं असो, बैलाचा खूर कापायचा असो की दारात चार माणसं बोंबलत उभी असोत, साहेब आधी हेच विचारायचे. टोमणा नसायचा. खरंच माहिती हवी असायची.

"गवताच्या पात्यावर दवाचा थेंब दिसतो? त्यात काय आहे?"

"केस आहे, साहेब."

"केस चालतो का?"

केस चालत होता. थेंबात वळवळत होता.

"जंताचं पिल्लू," साहेब म्हणाले. "गाईच्या पोटात जंत अंडी घालतात, अंडी शेणातून बाहेर पडतात, शेणात पिल्लं निघतात. पाऊस पडला की ती गवतावर चढून बसतात. आता हे गाईची वाट बघून राहिलंय. गाय आली, गवत खाल्लं, की हे परत आपल्या घरी."

मी जंताचं औषध पाजायला शिकून आलो होतो. तसं म्हणालो. साहेबांनी मान डोलावली. "पाजतोच की. पण आज पाजलं, उद्या ती पुन्हा याच गवतात तोंड घालते. आणि तेच ते औषध वर्षानुवर्षं पाजलं की जंतांना त्याची सवय होते. पोट साफ करून काय करता? गायरान साफ करायला पाहिजे."

आणि मग त्यांनी बुरशीचं सांगितलं. शेणात आपोआप येणाऱ्या बुरश्यांत एक जात अशी आहे, की ती जंताची पिल्लं धरून खाते. तिचं बी खाऊ घातलं की ते गाईच्या चारही पोटांतून धड बाहेर येतं, शेणात रुजतं आणि तिथं जंताची पिल्लं निघाली की जाळं विणून त्यांना पकडतं. साहेबांनी ही बुरशी याच गायरानातल्या शेणातून काढली होती. कित्येक वर्षं एकट्यानं, दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये, उकडलेल्या ज्वारीवर वाढवत आणली होती. पावसाळ्यात रोज सकाळी गुरं चरायला निघाली की हे गावाबाहेरच्या हौदापाशी बादली घेऊन उभे. प्रत्येक गाईला पेंडीत कालवलेली मूठभर ज्वारी. गाई रांगेनं थांबायच्या. बोरवाडीत रांगेत थांबणारे तेवढेच जीव.

लोकांना हे पटायचं नाही. त्यांना औषध पाजलं की दुसऱ्या दिवशी जंत पडलेले दिसायला हवेत. एका शेतकऱ्याचं आणि साहेबांचं बोलणं मला तोंडपाठ आहे.

"मंजी ह्यानं माज्या गाईचे जंत पडतेल का?"

"नाही."

"मग माज्या गाईला काय फायदा?"

"तुमच्या गाईला नाही. तिच्या मागून चरणारीला."

"मंजी खाऊ घालायचं माज्या गाईला आन् फायदा शेजाऱ्याच्या?"

"हाव," साहेब आनंदानं म्हणाले. त्यांना वाटलं, याला समजलं.

गावानं त्यांचं नाव शेण्या डॉक्टर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी फोनवर "शेण्या डॉक्टर हाय का?" विचारलं तर साहेब म्हणाले, "बोलतोय."

क्वार्टरमध्ये ते एकटेच राहायचे. भाभी मी येण्याच्या आधीच गेल्या होत्या. मुलगा हैदराबादला नोकरीला. घरात एक खाट, एक सूक्ष्मदर्शक, बाटल्यांचं फडताळ आणि एक कुकर. कुकरवर सगळं अडलेलं होतं. बुरशीसाठी ज्वारी उकडायची, तीही कडक वाफेवर, म्हणजे दुसरी कुठली बुरशी तीत उरायला नको. भाभी असताना सकाळी कुकर त्यांचा आणि दुपारी बुरशीचा, अशी वाटणी होती. भाभी गेल्यावर कुकर बुरशीला मिळाला. साहेबांच्या घरात भात शिजणं बंद झालं.

चहा मात्र व्हायचा. दोन कप. एक स्वतः घ्यायचे, दुसरा झाकून ठेवायचे. "कोणी आलं तर," म्हणायचे. कोणी आलं नाही तर संध्याकाळी तोच गार चहा स्वतः पिऊन कप धुवून ठेवायचे. हे कळल्यावर मी अकराच्या सुमाराला काहीतरी कागद घेऊन क्वार्टरमध्ये जायला लागलो. कागदावर त्यांची सही लागायची नाही. त्यांनीही कधी तसं म्हटलं नाही. वाचायचे, सही करायचे, कप पुढं सरकवायचे.

असाच एकदा गेलो तर साहेब नव्हते. मी सकाळपासून उपाशी. खिडकीत एक स्टीलचा डबा उघडा होता. आत उकडलेली ज्वारी, वरून खोबरं भुरभुरवलेलं. आमच्या अहमदपूरकडं घुगऱ्या म्हटलं की मला थांबवणारा अजून जन्माला यायचा आहे. मीठ कमी वाटलं, पण चार-पाच घास झाले. इतक्यात साहेब दारात.

"कदम," ते अगदी शांतपणे म्हणाले, "ते खोबरं नाही."

मी मोरीकडं धावलो. मागून त्यांचा आवाज आला, "काही होत नाही. पोटातून जशीच्या तशी बाहेर येईल." थोडं थांबून, "फक्त उद्या तुम्हाला पण एक नंबर द्यावा लागेल."

ही बुरशी खाणारा माणूस कंधार तालुक्यात मी पहिलाच असेन. पुढचे दोन दिवस साहेब रोज सकाळी हातात एक कोरी काडी घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे, ती ठेवायचे आणि निघून जायचे.

घुगऱ्या खाल्ल्या त्याच दिवशी त्यांनी मला ती बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. आधी नुसते धागे होते. सरळ, विरळ, एकमेकांना न शिवणारे. "ही एकटी असताना अशी असते," ते म्हणाले. "पडून राहते. जाळं-बिळं काही विणत नाही. कशाला विणेल?" मग त्यांनी पाण्याचा थेंब सोडला, त्यात जंताची पिल्लं होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. त्याच धाग्यांना जागोजागी वेटोळी आली होती, वेटोळ्याला वेटोळं जोडून जाळं झालं होतं आणि एक पिल्लू त्यात अडकून पडलं होतं. "जवळपास कोणीतरी आहे असं कळलं तरच ही कामाला लागते," साहेब भिंग पुसत म्हणाले. मी काहीतरी विनोद करणार होतो. केला नाही. तो एक चांगला झाला असता, पण त्यांच्या मागं झाकलेला कप दिसत होता.

चोरीला गेलेल्या तेरा नंबरांचं राहिलंच. चोर म्हणजे गयाबाई आणि तिच्या सोबतच्या बायका. गायरानात पडलेलं शेण उचलायचं हा त्यांचा आजेसासूपासूनचा हक्क. उन्हाळ्यात गोवऱ्या, पावसाळ्यात उकिरडा. साहेब सकाळी काड्या रोवायचे, दुपारी जाऊन बघावं तर काडी जागच्या जागी उभी आणि खालचं शेण गायब. बरं, उचलणारीचा हात इतका हलका, की काडी जरासुद्धा वाकडी नाही.

एका रविवारी साहेब मला घेऊन गयाबाईच्या दारात गेले.

"आक्का, माझा सतरा नंबर तुमच्या उकिरड्यावर आहे."

"त्याच्यावर काय तुमचं नाव लिवलं व्हतं?"

"काडीवर लिहिलं होतं."

"मला कुठं वाचता येतंय? आन् शेन न उचलून कसं चालंल? रानाला काय घालू? तुमची बुरशी?"

"बाभळीपासून नाल्यापर्यंतचं तेवढं सोडा. दिवाळीपर्यंत. बाकीचं सगळं गायरान तुमचं."

"आन् माझी पाटी भरायची कशी?"

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "दवाखान्यात येणाऱ्या जनावरांचं शेण मी देईन. आणून देईन."

गयाबाईला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतोय. पण पुढच्या रविवारी, सकाळी आठ वाजता, भर गावातून, पशुवैद्यकीय पदवीधर वर्ग एकचे अधिकारी डोक्यावर शेणाची पाटी घेऊन गयाबाईच्या उकिरड्याकडं चाललेले गावानं पाहिले. मागून मी. माझ्या डोक्यावर पाटी नव्हती, मी हजेरीचं रजिस्टर घेतलं होतं, म्हणजे पाटी घेता येऊ नये. हे सलग दोन पावसाळे चाललं. तिसऱ्या रविवारपासून गयाबाई साहेबांना दुपारच्या दोन भाकऱ्या आणि कोरड्यास पाठवायला लागली. आणि बाभळीपलीकडच्या शेणाला कुणी हात लावला तर तिच्या तोंडाला तोंड देणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

दुसऱ्या पावसाळ्यात वासरांकडं बघून कळायला लागलं. दरवर्षी आखाड-श्रावणात बोरवाडीची वासरं म्हणजे पोटं नगाऱ्यासारखी, अंगावरचा केस उभा, हागवणीनं भरलेल्या शेपट्या. त्या वर्षी ती चकाकत होती. साहेब मात्र अजून मोजतच होते. रोज शेण तपासायचे, अंडी मोजायचे, पिल्लं मोजायचे, रजिस्टरात लिहायचे. बाभळीपलीकडं साठ काड्या उभ्या होत्या. काही पो ताजे, काही आठवड्याचे, काही महिन्याचे. कुठल्या गाईला बुरशी दिली, कुठलीला नाही, सगळं काडीवर. दिसायला ते शेण होतं. साहेबांची ती वही होती.

आणि दसऱ्याच्या आधी साहेब रिटायर होणार होते.

हीच गोष्ट त्यांना आतून पोखरत होती. त्यांनी वर्षभर अर्ज करकरून जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना गायरान बघायला यायला राजी केलं होतं. मागणी साधी होती. एक खोली, एक माणूस, आणि बुरशी पुढं चालू ठेवायची परवानगी. "त्यांना फक्त एकदा पालथं झोपवायचं," साहेब मला म्हणाले. "दोन पो शेजारी-शेजारी दाखवायचे. एकाभोवतीच्या गवतावर पिल्लं, दुसऱ्याभोवती नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की माणूस नाही म्हणू शकत नाही. नाहीतर कदम, मी गेलो की या बाटल्या कोणीतरी धुवून टाकणार."

पोळा झाल्यावरची तारीख ठरली. आदल्या दिवशी साहेब मोठ्या साहेबांना सोबत घेऊन येण्यासाठी नांदेडला गेले. जाताना म्हणाले, "इकडचं तुम्ही बघा."

मी बघितलं.

आता मी जे केलं ते का केलं, हे सांगतो. नोकरीच्या या वर्षभरात एक गोष्ट मी शिकलो होतो, की साहेब येणार म्हटलं की झाडायचं. भिंतीला चुना, रस्त्याच्या कडेला चुना, झाडांना गेरू. साहेब पांढऱ्या बुटांत येतो, रजिस्टर बघतो, फोटो काढतो, नारळ घेतो आणि जातो. शेण बघायला कुठला साहेब येतो? आकडे तर सगळे रजिस्टरात होते. मी बाभळीपलीकडं बघितलं. साठ ठिकाणी शेण, त्यावर माशा. मधोमध मांडव घालायचा होता. मुनीरसाहेबांची इज्जत माझ्या हातात होती. मला भरून आलं.

गयाबाईला बोलावलं. म्हटलं, "आक्का, सगळं उचला."

ती पाटी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "डाक्टरसायबाला इचारलं का?"

"ते नांदेडला गेलेत."

"मग म्या न्हाई हात लावायची. दिवाळीपस्तोर न्हाई म्हनलेत ते."

"आक्का, मोठे साहेब येऊन राहिलेत. सरकारी हुकूम आहे."

"कुनाचा?"

"माझा," मी म्हणालो. आयुष्यात मी दिलेला तो पहिला हुकूम.

दुपारपर्यंत गायरान आरशासारखं झालं. गवत खुरपून काढलं, चुन्याच्या रेघा ओढल्या, मांडवापुढं रांगोळी काढून घेतली. अहमदपूरहून बॅनर छापून आणला होता, त्यात खालच्या कोपऱ्यात माझाही फोटो होता, फार मोठा नाही. आणि काड्या मी टाकल्या नाहीत, बरं का. साठच्या साठ धुतल्या, नंबरवार लावल्या आणि सुतळीनं गठ्ठा बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवला. तेवढी अक्कल मला होती.

दुसऱ्या दिवशी जीप आली. पुढं मोठे साहेब, मागं मुनीरसाहेब. ड्रायव्हरनं नंतर सांगितलं, की नांदेडपासून मुनीरसाहेब रुमालानं ते भिंग पुसत होते. जीप मांडवापाशी थांबली. मुनीरसाहेब उतरले आणि बाभळीकडं चार पावलं चालले. मग थांबले. तिथं माती होती, झाडूच्या रेघा होत्या, आणि रेघांच्या टोकाला चुना.

"वा, वा!" मोठे साहेब म्हणाले. "मुनीर, हे गायरान आहे की बगीचा? मी एवढे दवाखाने बघितले, अशी स्वच्छता कुठं बघितली नाही. हां, आणि ती तुमची बुरशी? ती कुठाय?"

मुनीरसाहेबांचा एक हात सदऱ्याच्या खिशात होता. मला माहीत होतं, मुठीत काय आहे ते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. माझा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं असणार, कारण माझ्या चेहऱ्यामागंच माझ्याच चेहऱ्याचा बॅनर होता.

"ती शेणात होती, साहेब," ते म्हणाले. "हंगाम संपत आला. काढून घेतलं."

हंगाम संपत आला नव्हता. आकड्यात एक अंडं इकडचं तिकडं न करणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. मोठ्या साहेबांनी रजिस्टर उलटंपालटं केलं, फोटो काढला, चहा घेतला आणि भेटीच्या वहीत लिहिलं : 'परिसर अत्यंत स्वच्छ. कर्मचारी उत्साही.' उत्साही कर्मचारी म्हणजे मी. खोलीबद्दल, माणसाबद्दल, बुरशीबद्दल एक अक्षर नव्हतं.

जीप गेल्यावर मी साहेबांच्या मागं दवाखान्यात गेलो. काय बोलायचं ते जुळवत होतो. ते टेबलापाशी उभे राहून गठ्ठ्याकडं बघत होते.

"नंबरवार लावल्या?"

"हो, साहेब."

त्यांनी सुतळी सोडली, एकेक काडी बघितली, पुन्हा गठ्ठा बांधला. मग मला म्हणाले, "घाई होती का, कदम?"

बस, एवढंच. ओरडले असते, बदली करतो म्हणाले असते तर मी आज ही गोष्ट हसत-हसत सांगितली असती.

संध्याकाळी गयाबाई आली. डोक्यावर पाटी, मागं आणखी तीन बायका, त्यांच्याही डोक्यावर पाट्या. चौघींनी दवाखान्याच्या पायरीपुढं शेण ओतलं.

"घ्या तुमचं शेन. काल ह्या कदमभाऊनं उचलाय लावलं. म्या न्हाईच म्हनत व्हते."

साहेब पायरीवर आले. ढिगाकडं बघितलं. "आक्का, सगळे नंबर एक झाले की."

"मग करा येगळे. येवढं शिकलाव ते कशाला?"

साहेब हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. हसत-हसत पायरीवर बसले, चष्मा काढला, डोळे पुसले आणि चष्मा बराच वेळ परत घातला नाही. गयाबाईनं मला डोळ्यांनी खुणावलं, की तू आता इथून जा. मी गेलो.

दसऱ्याच्या आधी ते रिटायर झाले. मुलानं हैदराबादला बोलावलं होतं. मी त्यांना मुदखेड स्टेशनवर सोडायला गेलो. सामान म्हणजे एक पेटी आणि एक कापडी पिशवी. गाडी यायच्या आधी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. आत कुकर होता. कुकरमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बुरशीची एक बाटली.

"शिट्टी बिघडली आहे, वाजत नाही," ते म्हणाले. "घड्याळ लावून बसायचं. आणि बाटलीचं बूच उघडताना श्वास रोखायचा." मग लगेच, "करायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या घरी कुकर असेल-नसेल, म्हणून दिला."

गाडी आली. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, मनगटावरचं घड्याळ बघितलं. गाडी वेळेवर होती.

मी पिशवी अहमदपूरला घरी नेली आणि माळ्यावर टाकली. खरं तेच सांगतो. नवे डॉक्टर तीन दवाखान्यांचा चार्ज सांभाळायचे, महिन्यातून एकदा दिसायचे, त्यांना बुरशी म्हटलं की लोणचं आठवायचं. माझं पण चाललं होतं. मग पुढचा पावसाळा आला. मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी फाट्यावरून येत होतो, तर गुरं चरायला निघालेली. हौदापाशी आली आणि थांबली. रांगेनं. गुराखी हाकत होता, काठी आपटत होता, पण जुन्या गाई हलत नव्हत्या. माना वळवून दवाखान्याच्या वाटेकडं बघत होत्या. त्या वाटेवर तेव्हा फक्त मी होतो.

लोक म्हणतात, कदमानं गुरूचं काम पुढं चालवलं. गुरू-बिरू काही नाही. मी त्या गाईंच्या नजरेला भ्यालो. त्या रविवारी माळ्यावरून कुकर काढला. बायको म्हणाली, "आता काय उकडताय?" मी सांगितलं. त्यानंतर आमच्या घरात दोन कुकर आहेत आणि एकावर खडूनं माझं नाव लिहिलेलं आहे. पहिल्या तीन बाटल्या मी नासवल्या. चौथीला बूच उघडताना श्वास रोखला.

काड्या होत्याच. गयाबाईनं विचारलं, "ह्या वेळी कुनाचा हुकूम?" म्हटलं, "तुमचा." रविवारची पाटी आता मी वाहतो. रजिस्टर घरी ठेवून येतो.

श्रावणात साहेबांचा फोन आला, व्हिडिओवर. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, मागं बंद खिडकी, खिडकीच्या कठड्यावर दोन कप, एक झाकलेला. साहेब खूप वाळले होते. त्यानंतर फोन आला तो त्यांच्या मुलाचा, साहेब गेल्याचा, म्हणून हा तेवढा सगळा लक्षात राहिला आहे.

"कदम, आवाज कसला येतोय?"

"गाई आहेत, साहेब. गायरानात आहे मी."

मी फोन फिरवून दाखवला : बाभूळ, नाला, काड्या. एका काडीपाशी फोन गेला तसे ते म्हणाले, "थांबा. जवळ न्या." मी वाकलो, मग गुडघे टेकले, मग पालथा झालो. शर्ट जुना होता. फोन पोच्या शेजारी गवताला टेकवला. पात्यांवर दव होतं.

पडद्यावर साहेबांचा चेहरा पुढं आला, आणखी पुढं आला आणि मग सगळा पडदा काळा झाला. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग कडेला पितळेची बारीक गोल रेघ दिसली. त्यांनी वडिलांचं भिंग डोळ्याला लावलं होतं आणि फोनच्या काचेवर टेकवलं होतं. फोनमधून दवातलं पिल्लू दिसत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"काही दिसतं का, साहेब?"

मग अगदी हळू आवाज आला, "तुम्हाला घाई आहे का?"

"नाही."

"मग फोन तिथंच राहू द्या. तुम्ही जरा बाजूला व्हा. उजेड अडतो."

मी दगडाच्या आधारानं फोन उभा केला आणि बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. गाई चरत चरत फोनपर्यंत आल्या, हुंगून पुढं गेल्या. तो काळा गोल हलला नाही. बॅटरी संपेपर्यंत साहेब तिथं होते, चौदा नंबरपाशी.